श्रद्धा, प्रीती आणि शेजारधर्म: गोव्यातल्या एका मराठी ख्रिस्ती घराला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची नगर जिल्ह्यातली. आजोबा पाळक होते, त्यामुळे लहानपण मराठी बायबल आणि पेटीवरची मराठी भजनं यांत गेलं. लग्न होऊन म्हापशाला आले त्याला तीस वर्षं झाली. सासर गोव्यातलं कॅथलिक, शेजार बहुतेक हिंदू. त्यामुळे प्रश्न सगळीकडून येतात. नगरचे नातेवाईक विचारतात, बदली होऊन गोव्यात आलेली मराठी कुटुंबं विचारतात, शेजारणी भाजी निवडता निवडता विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. जे वाचलं आणि अनुभवलं, त्यातून ही उत्तरं दिली आहेत.

मराठी आणि ख्रिस्ती, हे दोन्ही एकत्र कसं?

गोव्यात ख्रिस्ती म्हणजे कोंकणी आणि मराठी म्हणजे हिंदू, अशी एक ढोबळ वाटणी लोकांच्या डोक्यात असते. मी त्यात कुठेच बसत नाही. पण मराठी ख्रिस्ती साहित्याची सुरुवात गोव्यातच झाली, हे फार जणांना ठाऊक नसतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला, जेझुइट या कॅथलिक संघातला पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या गावांत राहिला, लोकांच्यात बसून त्यांची भाषा शिकला आणि ख्रिस्ताची सगळी कथा त्याने ओवीत बांधली. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये सासष्टीतल्याच रायतूरला छापून झालं. दहा हजारांवर ओव्या आहेत त्यात. पुराण ऐकायची सवय असलेल्या माणसांना त्याने पुराणच दिलं.

माझ्या माहेरची वाट वेगळी. नगरला १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं आणि पुढे नारायण वामन टिळकांसारखा कवी त्या मंडळीत आला. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. नंतर दोघं एकत्र आली आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा बाप्तिस्म्यापेक्षा त्या मधल्या वर्षांवर जास्त थांबायचे. दोघांनी एकमेकांची वाट कशी पाहिली असेल, असं म्हणायचे.

'प्रीती' म्हणजे नक्की काय? भावगीतातली प्रीती आणि ही एकच का?

नाही. मराठी बायबलमध्ये जिथे जिथे 'प्रीती' हा शब्द भेटतो, तिथे मूळ ग्रीकमध्ये बहुतेक वेळा 'अगापे' हा शब्द आहे. समोरच्याचं भलं व्हावं म्हणून आपण झिजणं, असा त्याचा अर्थ. मनात उमाळा असेल तर उत्तम, नसला तरी झिजता येतं.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय आपल्याकडे लग्नात वाचतात. ऐकायला गोड वाटतो. पण ते पत्र नवरा-नवरीसाठी लिहिलेलं नव्हतं. करिंथची मंडळी भांडकुदळ होती. कोणाला कुठलं दान मिळालं यावरून मानपान चालायचे. प्रभुभोजनाला जमले की कोणी पोटभर जेवून घ्यायचा आणि कोणी उपाशी राहायचा. अशा माणसांना पौल सांगतो की प्रीती सहन करते, मिरवत नाही, कोणाच्या चुकांचा हिशेब ठेवत नाही. म्हणजे तो अध्याय सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचावा असा आहे. पाण्याच्या पंपावरून, गाडी लावायच्या जागेवरून ज्यांच्याशी आपलं वाजतं, त्यांच्यासाठी आहे.

आपल्या भाषेत 'शेजारधर्म' असा शब्दच आहे. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा पहिल्यांदा ऐकणारा मराठी माणूस म्हणूनच बुजत नाही.

मैत्रीला बायबलमध्ये काही जागा आहे का? की सगळं देव आणि भक्त यांच्यातच?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हा. दावीद आणि योनाथान आहेत, रूथ आणि तिची सासू नामी आहेत. शेवटच्या जेवणाच्या रात्री येशू शिष्यांना म्हणाला की आता तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हटलं आहे. गोव्यात मित्राला इश्ट म्हणतात. आपण मराठीत आप्तेष्ट म्हणतो आणि इष्टदेवताही म्हणतो. मित्र आणि देव यांच्यासाठी एकच शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, हे मला इथे येऊन कळलं.

पण माझी गोष्ट कौलांची आहे. कफर्णहूमात येशू एका घरात बोलत होता. दारापर्यंत माणसंच माणसं. चौघे जण एका लुळ्या माणसाला बाजेवर घालून घेऊन आले. आत जायला वाट नाही. मग ते वर चढले, छप्पर उघडलं आणि बाज खाली सोडली. लूकच्या शुभवर्तमानात तर कौलांचा स्पष्ट उल्लेख आहे. लहानपणी नगरला ही गोष्ट ऐकताना मला ते काही डोळ्यांपुढे यायचं नाही, कारण आमची घरं धाब्याची. गोव्यात आले आणि पहिल्या मे महिन्यात शेजारच्या म्हाताऱ्या कॅथलिक बाईच्या घराची कौलं उतरवताना पाहिली. एक मुलगा वर रिपांवर पाय टाकून उभा, एक शिडीवर, खाली दोघी-तिघी कौलं हातोहात घेऊन भिंतीला उभी लावताहेत. मध्येच वरून वर्षभराची धूळ, पालीची अंडी आणि उन्हाचा एक चौकोन घरात पडला. तो चौकोन जमिनीवर बघितला आणि म्हटलं, बाज इथे उतरली असणार.

आणि पुढचं वाक्य नीट वाचा. मार्क लिहितो की येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला आणि त्या आजाऱ्याशी बोलला. त्यांचा, म्हणजे बाज आणणाऱ्यांचा. बाजेवरच्या माणसाने तोवर तोंडातून शब्दही काढला नव्हता. त्याचा स्वतःचा विश्वास किती होता, हे कुठेच लिहिलेलं नाही. दुसऱ्याच्या विश्वासावर माणूस उचलला जातो, हे त्या गोष्टीत आहे, आणि माझ्या घरात ते जसंच्या तसं घडलं. ते पुढे सांगते.

ख्रिस्ती माणसं मैत्री करतात ती धर्मांतरासाठीच ना?

सरळ विचारलं आहे, सरळ सांगते. कुणी आपली श्रद्धा मित्राला सांगितली तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. मीही सांगते, तशी शेजारीण मला तिच्या व्रतांबद्दल सांगते. पण मैत्रीचाच गळ केला, तर ती मैत्री नव्हे आणि प्रीतीही नव्हे. गळाला सुंगट, म्हणजे कोळंबी, लावून बसलेल्या माणसाचं माशावर प्रेम नसतं. कोणी तुमच्या आजारपणाचा, कर्जाचा, एकटेपणाचा फायदा घेऊन धर्म पुढे करत असेल तर त्याला खुशाल नाही म्हणा. मीही तुमच्या बाजूने उभी राहीन.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवा. वाटेत लुटून टाकलेल्या माणसाला तो उचलतो, उतारशाळेत नेतो, दोन दीनार मोजून देतो, आणखी लागले तर परतताना देईन म्हणतो आणि निघून जातो. तू कुठला, तुझा देव कोण, काही विचारत नाही.

गोव्याच्या मातीतलं उदाहरण संत जुझे वाझ यांचं. १६५१ मध्ये बाणावलीला जन्मले. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर त्या काळी डचांची सत्ता होती आणि डच ख्रिस्ती असूनही कॅथलिकांना छळत. वाझ भिकाऱ्याच्या वेषात तिथे उतरले. आतल्या भागातल्या कँडीच्या राजाने आधी त्यांना हेर समजून कोंडलं, मग ओळखलं आणि आसरा दिला. तो राजा बौद्ध होता. ख्रिस्ती सत्ता पाठीस लागलेली असताना एका गोंयकार पाद्र्याला बौद्ध राजाने सांभाळलं. पुढे १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना रानात टाकून पळू लागले, तेव्हा वाझ त्या आजाऱ्यांपाशी राहिले. २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संतपद मिळालं. मला यात राजाही तेवढाच मोठा वाटतो.

इतिहासात गोव्यात जे झालं, त्याचं काय?

ते झालं. ख्रिस्ती माणसाने ते नाकारू नये आणि 'त्या काळी सगळीकडे असंच होतं' म्हणून पुढेही जाऊ नये. पोर्तुगीज राजवटीत गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, १५६० ला सुरू झालं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. देवळं पाडली गेली. मंगेशी कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, नेली, रात्रीच्या रात्री. १६८४ मध्ये लोकांनी कोंकणी बोलू नये असा हुकूम निघाला. त्या छळातून नवख्रिस्तीही सुटले नाहीत. दारात तुळस लावणंसुद्धा त्यांना मना केलं होतं.

माझी एक शेजारीण एकदा म्हणाली, "आमचो देव तुमच्या लोकांमुळे घर सोडून गेला." मी वाद घातला नाही. तिच्याजवळ बसून राहिले. तो तिच्या घरचा सल आहे आणि तो बोलून दाखवावा इतका तिचा माझ्यावर भरवसा होता.

कुंकळ्ळीचंही सांगते. तिथे १५८३ मध्ये जेझुइट पाद्री मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी बोलणीसाठी बोलावलेल्या गावकऱ्यांना आसोळण्याच्या किल्ल्यात ठार केलं. देवी फातर्प्याला नेली. आजही शिगम्यात शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीची छत्र्यांची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते, आणि त्या सोंत्र्यांत गावातले ख्रिस्तीही गुलाल अंगावर घेत चालतात. कोणी जाहीर क्षमापत्र वाचत नाही. एवढ्या रक्तानंतर ही माणसं एका छत्रीमागे चालतात, ते पाहिलं की मला भरून येतं.

म्हापशाच्या सायबिणीला हिंदू जातात, ते चर्चला चालतं का?

चालतं म्हणजे काय, लोटतात लोक. मिलाग्रीस सायबीण, म्हणजे इथली मरियामाता, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, अशी इथली श्रद्धा. सात बहिणींतली एक ख्रिस्ती झाली असं सांगतात. ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी सोमवारी तिचं फेस्त, म्हणजे सण, असतो. हिंदू भाविक येऊन सायबिणीला तेल वाहतात. तिकडे लईराईच्या जत्रेला धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, अग्निदिव्य करतात. बहिणी-बहिणींत तेल आणि मोगऱ्याची फुलं अशी देवघेव व्हायची, ही आठवण दोन्ही गावांत अजून जिवंत आहे. माझ्या नगरच्या आजोबांना हे कदाचित पटलं नसतं. मी मात्र त्या रांगेत उभी राहते. देवाने माणसांची घरं वेगळी केली असली तरी माहेर एकच, असं ज्या गावाला वाटतं, त्या गावात मी राहते.

नाताळात शेजारी ताट घेऊन आले तर काय करायचं?

घ्यायचं. त्याला कोंसवाद म्हणतात. नेवऱ्या, दोदोल, दोस, कुलकुल, बिबिंक असं त्यात असतं. आपल्याकडची रीत इथेही आहे, ताट रिकामं परत करू नये. चवथीला किंवा दिवाळीला आपलं फराळाचं ताट त्यांच्याकडे गेलं की हिशेब मिटला नाही, तर सुरू झाला असं समजा.

शाकाहारी असाल तर जेवणाचं आमंत्रण आल्यावर आधीच सांगा. कोणी मनाला लावून घेत नाही. न सांगता ताटावर बसून राहिलात तर यजमानीण बिचारी रडकुंडीला येते.

ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी मयत झाली. जावं का? तिथे काय करावं?

जावं, नक्की जावं. या एका गोष्टीत चुकीची भीती बाळगू नका. घरी गेलात तर नुसतं शेजारी बसा. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, गेलात तर मागच्या बाकांवर बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा. गुडघे टेकायची सक्ती नाही. कम्युनियनच्या वेळी लोक रांगेने पुढे जातात, तेव्हा आपण जागेवरच बसायचं. ती भाकर बाप्तिस्मा झालेल्या आणि त्या श्रद्धेत असलेल्या माणसांसाठी असते, तिथे न जाण्यात कोणाचा अपमान नाही. सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, मूठभर माती टाकतात, ती तुम्हीही टाकू शकता.

पण खरं जाणं त्यानंतरचं. सातव्या दिवशी मीस, म्हणजे चर्चमधली उपासना, होते, महिन्याने होते, तोवर गर्दी असते. गर्दी ओसरल्यावर, पाचव्या-सहाव्या आठवड्यात एखाद्या दुपारी जा.

हिंदू आणि ख्रिस्ती मुलामुलींचं लग्न ठरतंय. धर्म बदलावाच लागतो का?

नाही. गोव्यात लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवावं लागतं, सगळ्या धर्मांना एकच कायदा. तो १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आला आहे. सह्या दोनदा होतात. वेगळा करार केला नाही तर मालमत्ता नवरा-बायकोची अर्धी-अर्धी सामाईक होते, आणि तो करार लग्नाआधीच करावा लागतो. प्रेमाच्या भरात हे कोणी वाचत नाही. वाचा.

इगर्जीत लग्न करायचं असेल तर बिशपांकडून परवानगी घ्यावी लागते. कॅथलिक जोडीदार आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते करील, असं वचन देतो. दुसऱ्याने धर्म बदलायचा नसतो, वचनही द्यायचं नसतं. त्याला फक्त ते माहीत असायला हवं. तर मुलांचं काय, हे लग्नाआधी बोला, दोन्ही घरच्यांसमोर बोला. बारशाच्या दिवशी बोलायची ती गोष्ट नव्हे.

मी प्रोटेस्टंट, नवरा कॅथलिक. आम्हालाही हे सगळं बोलावं लागलं होतं. माळ जपायची, म्हणजे तेर्स म्हणायचा, की नाही, यावर पहिली दोन वर्षं आमच्यात कुरबूर होती. सासूबाईंनी तिचा निकाल लावला. म्हणाल्या, "तू तुजें पद म्हण गो, हांव म्हजो तेर्स म्हणटां. देव दोनूय आयकता." अजून तसंच चालू आहे.

क्षमा कशी करायची? सांगायला सोपं आहे.

सोपं नाहीच. पेत्राने विचारलं, सात वेळा करू का? उत्तर मिळालं, सातांच्या सत्तर वेळा. मला त्याहून अवघड वाटते ती मत्तयाच्या शुभवर्तमानातली दुसरी एक ओळ: वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. *त्याच्या* मनात. म्हणजे चूक आपली असते तेव्हाची ही गोष्ट आहे.

माझ्या मुलाच्या लग्नाचं बोलावणं मी एका जिवलग मैत्रिणीला फोनवर पाठवलं. घरी जाऊन दिलं नाही. गोव्यात हे फार लागतं, आणि लागायलाच हवं. ती लग्नाला आली नाही. मला राग आला की आली नाही. चार वर्षं आम्ही बोललो नाही. मग एका रविवारी ही ओळ वाचली गेली आणि मला पुढची मीस ऐकवेना. उठून तिच्याकडे गेले. ती मागच्या पायरीवर बांगडे साफ करत होती. मी उभी, काय बोलावं सुचेना. ती वर न बघता म्हणाली, "थांब, हात धुते." एवढंच. हात धुऊन आली, पण बांगड्याचा वास जातो थोडाच, तसेच दोन्ही हात तिने माझ्या गालांना लावले.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. मार खात राहणं म्हणजे क्षमा नव्हे. नवरा हात उचलत असेल तर त्या घरातून बाहेर पडा, मदत मागा. क्षमेचं नंतर बघता येईल. 'सोस, हाच तुझा क्रूस' असं सांगणारा कोणीही, कितीही मोठा असो, चुकीचं सांगतो.

प्रार्थनाच येईनाशी झाली तर?

ही ती घरची गोष्ट. सहा वर्षांपूर्वी पहाटे नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. आमची गल्ली अरुंद, १०८ ची गाडी तोंडाशीच थांबली. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, मुलगा पावांची पाटी सायकलीवर तशीच टाकून धावत आला. समोरचे दोघे भाऊ आले, वरच्या मजल्यावरचा बेळगावचा भाडेकरू आला. त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नवऱ्याला उचललं. चौघे, चार पायांना धरून. मागून चालताना माझ्या डोक्यात फक्त एक आलं, की हे मी कुठेतरी वाचलं आहे.

बांबोळीच्या हॉस्पिटलात नऊ दिवस काढले. त्या नऊ दिवसांत मला एकही प्रार्थना करता आली नाही. आजोबांची नात मी, पण 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' याच्या पुढे शब्द सरकेनात. हिंदू शेजारीण रोज डबा घेऊन यायची. नंतर कळलं, ती येताना बस आधीच्या स्टॉपवर सोडून हमरस्त्यावरच्या क्रूसापाशी, फुलांच्या खुरसापाशी, जायची आणि आमच्या घरच्या नावाने मेणबत्ती लावायची. मला कधी बोलली नाही. दहाव्या दिवशी तिच्या पर्समध्ये सुटे शोधताना मेणबत्त्यांचं अर्धं पुडकं दिसलं, तेव्हा कळलं.

म्हणून जे विचारतात त्यांना हेच सांगते. प्रार्थना येत नसेल तर ओढूनताणून करू नका. एखाद्या मित्राला सांगा की मला येत नाही, तू कर. आणि तुमचं बरं चाललं असेल तेव्हा बघा, आसपास कोणाची बाज अडून राहिली आहे का.

नवरा आता काठी घेऊन चालतात. डावा हात पूर्ण आला नाही.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांसाठी काय करता येईल?

गोव्यात हा प्रश्न मोठा आहे. मुलं आखातात, बोटीवर, पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडात. मोठमोठी घरं, आणि आत एक म्हातारी आणि कुत्रा. धर्म कोणताही असो, हे तुम्हाला करता येईल: घराची एक किल्ली आपल्याकडे ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट कधी संपतं ते लिहून ठेवा. मुलाने व्हिडिओ कॉल केला की फोन धरून द्यायला जा, त्यांना तो आडवा-उभा कळत नाही. तिन्हीसांजेची घंटा झाली की दिवा लागला का ते खिडकीतून बघा. लादाईन, म्हणजे खुरसापुढची सामूहिक प्रार्थना, असेल तेव्हा हात धरून खुरसापर्यंत न्या. तिथले चणे खा, थोडं बसा.

माझ्या त्या कौलांच्या घरातली म्हातारी आता नव्वदीला आली आहे. सगळे तिला शेमांय, म्हणजे आजी, म्हणतात. मे महिन्यात तिची कौलं बघायला माणूस आणायचा असतो. यंदा मी विचारायच्या आधीच पोदेराचा मुलगा येऊन शिडी मोजून गेला.